तिसऱ्या रांगेचं औषध

भागू मूळचा भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरातला. आळेफाट्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात तो प्रयोगाचे उंदीर सांभाळायचा. पिंजऱ्यातलं भाताचं तूस बदलायचं, पाणी भरायचं, इंजेक्शन देताना उंदीर धरायचा. तो आणि बायको लंकाबाई आळे गावात खोली घेऊन राहत. मागच्या वर्षी लंकाबाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला आणि दर सोमवारी पुण्याच्या खेपा सुरू झाल्या.

त्याच महिन्यात कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्या तेजस्विनीनं नवा प्रयोग मांडला. पिंजऱ्यांच्या तीन रांगा लागल्या. सकाळी तिनं खोक्यातून इंजेक्शनची बाटली काढली आणि भागूचा हात थबकला.

"ताई, ह्ये तर माझ्या बायकोला देत्यात."

हेच लेबल त्यानं दवाखान्याच्या मेडिकलमधून चार वेळा स्वतःच्या हातानं आणलं होतं.

तेजस्विनी स्टुलावर बसली. त्याच्या बायकोचं दुखणं तिला ठाऊक नव्हतं. "मामा, ह्यानं कॅन्सर मरतो," ती हळू म्हणाली, "पण किडनीला, लिव्हरलाही इजा होते. आतून गंज चढावा तशी. पहिल्या रांगेला आपण काहीच देणार नाही. दुसरीला नुसतं हे. तिसरीला ह्याच्यासोबत जिनसेंग नावाच्या मुळीचा अर्क. मुळी तो गंज अडवते का, तेच बघायचंय."

आठ दिवसांत दुसऱ्या रांगेतले उंदीर केस पिंजारून कोपऱ्यात बसले, खाईनात. तिसरी रांग मात्र दाणे कुरतडत होती. भागूला रिपोर्टची गरज पडली नाही.

त्यानं ते घरी सांगितलं. सांगायला नको होतं, असं त्याला पुढं फार वाटलं. लंकाबाईच्या पायांवर तोवर सूज आली होती. किडनी बिघडल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं, अन्नाचा वास सोसत नव्हता. ती उठून बसली. "मग मला आना ना ती मुळी."

भागूनं फाट्यावरून जिनसेंगच्या गोळ्या आणल्या. पण तिला देण्याआधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आपल्या मनानं काही मिसळू नका. चालू औषधाचं काम बिघडू शकतं. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही." तेजस्विनीनंही खाली बघत तेच सांगितलं.

"उंदरांना चालतंय, आन् मला न्हाई व्हय?" लंकाबाईनं विचारलं.

"डॉक्टर नगं म्हनत्यात."

"तुमी काय म्हनता?"

भागू गप्प बसला. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. पुन्हा कधी तिनं विचारलं नाही.

किडनी वाचवायला डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं, नुसता रेडिएशनचा शेक चालू ठेवला. सूज उतरली. महिनाभर ती नाचणीची भाकरी चवीनं खायची. मग दुखणं फुप्फुसात उतरलं.

इकडं प्रयोग संपला. तिसऱ्या रांगेतले धडधाकट उंदीरही मारावे लागले, किडन्या काढून तपासायला. भागूनं सुट्टी घेतली नाही. त्यानंच ते एकेक करून धरले.

लंकाबाई गावाकडं जायचं म्हणाली, म्हणून भागूनं तिला तिकडं नेलं. भाद्रपदात, भात पोटरीला आलं असताना, ती डोंगरातल्या घरीच वारली.

तेरावं उरकून भागू कामावर आला. तेजस्विनी लिहीत बसली होती. तो दारातच उभा राहिला.

"ताई, तिला दिली असती तर?"

काहीच फरक पडला नसता, असं म्हणणं सोपं होतं. पण ती म्हणाली, "मला माहीत नाही, मामा. किडनी टिकली असती कदाचित, इंजेक्शन थांबवावं लागलं नसतं. कदाचित कॅन्सरवर इंजेक्शनच चाललं नसतं. आमचा अभ्यास अजून तिथवर गेलेला नाही."

भागूनं मान हलवली. "तिनं मागितली व्हती. मी गप ऱ्हायलो. तेवढंच लई सलतं."

आतल्या खोलीत नवे उंदीर आले होते, पाणी भरायचं होतं. तो बाटल्या घेऊन नळाशी गेला. थोड्या वेळानं तेजस्विनी येऊन शेजारी उभी राहिली आणि तीही भरू लागली. एक बाटली गळत होती. भागूनं ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.