पाचव्या वळणावरचा वारा

"पाव जळतोय, ओरिएता. पुस्तक काही पळून जात नाही."

ओरिएताने पुस्तक मिटून शेगडीवरचा पाव परतला. सेगुंदोंनी त्यावर अवोकाडो कुस्करून मीठ भुरभुरलं.

"आज परतताना आईपाशी थांबेन. तिथून फोन लावू? तिच्याशी दोन शब्द बोल."

"बाबा, माझे वर्ग असतात. आणि ते पत्र्याचं रिकामं खोपटं आहे."

"रिकामं कसं? दर बुधवारी ठेवलेलं पाणी संपलेलं असतं."

"उन्हाने."

"तेच म्हणतोय मी. तिला तहान लागते." ते हसले. "बरं, बोलू नकोस. तिचं तरी ऐक. पाठवतो."

"काय ऐकू? वारा?"

"वारा तर वारा." टोपी घालून ते निघाले.

चिलीतल्या वायेनार गावाजवळच्या कोरड्या डोंगरांतल्या, नळ नसलेल्या वाड्यांना सेगुंदो टँकरने पाणी पुरवत. एकोणीस वर्षांपूर्वी जुन्या घाटात बस कोसळली, त्यात ओरिएताची आई गेली. घाटातल्या रीतीप्रमाणे त्या पाचव्या वळणावर तिच्या नावाचं गुडघाभर उंचीचं घरकुल उभं राहिलं. जाणारा ड्रायव्हर दोनदा हॉर्न देई, पाण्याची बाटली ठेवी. पुढे नवा रस्ता झाला आणि कंपनीने टँकरना जुना घाट बंद केला. सेगुंदो तरीही बुधवारी रिकामा टँकर तिकडूनच आणत. हे फक्त लेकीला ठाऊक होतं. तिथून त्यांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज तिच्या फोनमध्ये न ऐकता पडून होते.

त्या बुधवारी ते परतले नाहीत.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात सार्जंट वही उघडून बसला होता. शेजारी सेगुंदोंचा जोडीदार ड्रायव्हर, वाल्दोकाका.

"फोन शेवटचा लागला तीन वाजून बारा मिनिटांनी," सार्जंट म्हणाला. "तो टॉवर किनाऱ्याच्या फाट्यालाही पुरतो."

वाल्दोकाका खाकरले. "फाट्यावर एक खानावळवाली आहे. माणूस किती वर्षं एकटा राहील, पोरी?"

"पाण्याचा टँकर घेऊन समुद्राकडे कोण पळतं, काका?"

सार्जंटच्या मिशीखाली हसू आलं. "तीन बारालाच तुम्हाला मेसेज आलाय. ऐकलात?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिने तो लावला.

दोन हॉर्न. दार आपटलं. बाटलीतून पाणी ओतल्याची गुडगुड. मग अर्धा मिनिट वारा, आणि वाऱ्यात पत्र्याची टकटक.

"खिशात चुकून दाबलं गेलं असेल," सार्जंट म्हणाला. "कोणी बोलतच नाहीये."

ओरिएताने मागच्या बुधवारचा लावला. मग त्याच्या मागचा. तेच हॉर्न, तेच पाणी, तीच टकटक. "छपराचा एक खिळा सैल झालाय," ती म्हणाली. "हे जुन्या घाटातलं पाचवं वळण. बाबा दर बुधवारी तिथूनच येतात. तीन बाराला ते तिथे होते. त्याच्या खाली शोधा."

"कंपनीला कळलं तर..." वाल्दोकाका पुटपुटले. "बंदी मोडली म्हणतील."

"म्हणू देत. टोपी घ्या, सार्जंट."

दुपारच्या आत सातव्या वळणाखाली टँकर सापडला. सेगुंदो स्टिअरिंगमागेच होते.

महिन्याभराने आईच्या घरकुलाशेजारी वाल्दोकाकांनी दुसरं उभं केलं. जाता जाता हातोडी घेऊन ते जुन्या छपराकडे वळले.

"तो खिळा राहू दे, काका."

ते गाडीत जाऊन बसले आणि न सांगता दोनदा हॉर्न दिला. ओरिएताने दोन्ही दारांत पाणी ओतलं आणि ती जमिनीवर बसली. पत्रा टकटकत होता. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"आई," ती मोठ्याने म्हणाली. एकोणीस वर्षांत ही हाक तिने कोणालाच मारली नव्हती. "मी ओरिएता. ऐकतेय."