राजाच्या अंगठ्याशी वादविवाद

तुमचा विश्वास बसणार नाही, पण राजाच्या पायाच्या अंगठ्यातला वात बोलताना मी या कानांनी ऐकलाय. तेव्हा मी केंब्रिजच्या राजवैद्य थॅकरांचं खेचर सांभाळायचो. राजेसाहेबांनी त्यांना बजावलं होतं, "नाताळच्या नाचात माझा पाय उचलला नाही, तर तुझं मुंडकं उडवीन."

सगळी औषधं थकली. शेवटी थॅकरांनी विद्यापीठाचा झगा चढवला आणि उशीवरच्या त्या सुजलेल्या अंगठ्याला लॅटिनमध्ये वादाचं आव्हान दिलं. विद्यापीठाचा रिवाजच तसा. हरेल त्याने सभा सोडायची.

वातही काही कमी नव्हता. म्हणाला, "हरणाचं मांस राजा खातो, गोड दारू राजा पितो. मी आपला बोलावल्यावर आलो."

"पाहुणा म्हणवतोस, मग यजमानालाच चावतोस होय रे?" थॅकर म्हणाले.

वाताने हार मानली. त्याने वाकून मुजरा केला आणि दारातून चालता झाला. नाताळला राजेसाहेब असे नाचले, की झग्याच्या वाऱ्याने निम्म्या मेणबत्त्या विझल्या.

गुत्त्याची मालकीण सिसली माझा पेला भरता भरता थांबली. "अहो पर्किनबाबा, तुम्हाला देवळातली साधी प्रार्थना लॅटिनमध्ये येत नाही. मग वात काय म्हणाला, ते तुम्हाला कळलं कसं?"