सिस्टरनी आवरलेली खोली

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा मुलीने त्यांना चार रात्रींची सुट्टी भेट दिली. समुद्राजवळचं हॉटेल, तिसऱ्या मजल्यावरची खोली, सकाळचा नाश्ता धरून. सिस्टरनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली होती, त्यातली शेवटची अकरा बाळंतिणींच्या वॉर्डच्या इन्चार्ज म्हणून. घरीदारी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नवराही म्हणे. तो टॅक्सी चालवायचा. तरुणपणी एकदा एका अडलेल्या बाईला दवाखान्यात घेऊन आला, भाडं घ्यायचं विसरून दुपारभर बाकावर बसून राहिला, आणि त्या दिवशी तोंडात बसलेली हाक लग्न झालं तरी बदलली नाही. अनोळखी लोकांसमोर तो बायकोला सिस्टर म्हणाला की लोक दोघांकडे आळीपाळीने बघत. त्याला त्याचं काही वाटत नसे.

खोलीत शिरल्या शिरल्या सिस्टरनी आधी पलंगाखाली वाकून पाहिलं, मग खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. तेवढ्यात नवऱ्याला टेबलावर एक पाकीट दिसलं. पांढरं, कोरं करकरीत, वर छापलेलं: ‘तुमची खोली नीटनेटकी ठेवणाऱ्या हातांसाठी’. हात कुणाचे ते लिहिलं नव्हतं.

नवरा म्हणाला, रोज सकाळी काहीतरी ठेवू या. शेवटच्या दिवशी ठेवलं तर त्या दिवशी ड्युटीवर असेल तिलाच मिळतं, बाकीच्यांचं काय? त्याने आयुष्यभर टॅक्सी चालवलेली. वरकमाईवर त्याने मुलीच्या शाळेची पुस्तकं घेतली होती, आणि वर काही न देणारी गिऱ्हाइकं त्याला चेहऱ्यानिशी लक्षात होती.

सिस्टरना ते मुळीच पटलं नाही. कामाचा पगार मिळतो, वर पैसे हातात ठेवणं म्हणजे समोरच्याला हात पसरायला शिकवणं, असं त्यांचं मत होतं. मूल झालं की नातेवाईक खिशातून नोटा काढत. त्यांच्या वॉर्डात ते बंद होतं, दाराशी तसा फलकच लावला होता. एका आयाने फलकाखालीच उभं राहून पैसे घेतले, तेव्हा सिस्टरनी तिची रवानगी लाँड्रीत केली. तिथे नातेवाईक फिरकत नाहीत.

“ती अजून लाँड्रीतच आहे का?” नवऱ्याने विचारलं.

“रिटायर झाली. माझ्या आधी. कंबर गेली तिची.”

पाकीट टेबलाच्या खणात गेलं.

पण परक्या बाईने आपली चादर बदलायची आणि आपण तिला एक पैसा द्यायचा नाही, हेही सिस्टरच्या मनाला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तोडगा काढला. पैसे द्यायचे नाहीत, पण काम ठेवायचंही नाही. नवरा दात घासून बाहेर आला तर सिस्टर पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. कोपरे दवाखान्यात दुमडतात तसे, पाकिटासारखे दुमडले गेले, उशा एका रेषेत आल्या. मग त्या न्हाणीघरात शिरल्या. आरसा वर्तमानपत्राने पुसला, नळ चमकवले, फरशीवरचं पाणी ओढून काढलं, टॉवेल वाळत घातले. आपण सुट्टीवर आलोय की ड्युटीवर, असं नवऱ्याने विचारून पाहिलं. सिस्टरनी त्याच्या हातात कचऱ्याची पिशवी दिली.

ते नाश्ता करून वर येत होते, तेव्हा खोली साफ करणारी बाई ट्रॉली घेऊन दारातून बाहेर पडत होती. पस्तिशीची, सडपातळ, केस जाळीत घट्ट बांधलेले. तिने मान लववली, सिस्टरनीही लववली. पाच मिनिटांत तिचं आटपलं होतं. सिस्टर दिवसभर खुशीत होत्या. समुद्रावर फिरताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं की खरी मदत ही अशी असते. नवऱ्याने भुईमुगाच्या शेंगा सोलत मान डोलावली.

त्याने मात्र आपल्या परीने हट्ट चालू ठेवला होता. त्याच सकाळी त्याने एक नोट गुपचूप उशीखाली सरकवली होती. पलंग आवरताना ती सिस्टरना सापडली आणि त्यांनी न बोलता ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवली. पुढच्या सकाळी त्याने ती साबणदाणीखाली ठेवली. साबणदाणी घासताना तीही मिळाली. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांना एक गोष्ट कळली होती की काही विषय बोलायचे नसतात, त्यामुळे ती नोट मुकाट्याने इकडून तिकडे फिरत राहिली.

तिसऱ्या दिवशी नवरा पोहण्याच्या तलावाशी जाऊन पाण्यात पाय सोडून बसला, आणि सिस्टर खोलीत एकट्याच होत्या. कालच्यापेक्षा तासभर उशिरा दार वाजलं. ती बाई आत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. आवरलेल्या पलंगाकडे बघून ती तिथेच थांबली.

“मॅडम, माझं काही चुकलं का?” तिने विचारलं.

सिस्टरना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, अगं, चुकेल कसं, खोली तर पहिल्या दिवशीच लख्ख होती.

“मग तुम्ही स्वतः का साफ करता?”

मग तिने सांगितलं ते असं. खोलीत आल्यावर आणि बाहेर पडताना तिथल्या फोनवरून एक आकडा दाबावा लागतो, खाली वेळ नोंदली जाते. एका खोलीला पंचवीस मिनिटं धरलेली. या खोलीत तिला पाच लागली. सुपरवायझरने आधी तिला बोलावून विचारलं की तू काम टाळतेस का. मग तो स्वतः वर आला, खोली पाहिली, आणि खूश झाला. एवढी चांगली खोली पाच मिनिटांत होते म्हणजे बाई चपळ आहे. त्याने तिला चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या जास्तीच्या दिल्या. एकीत सहा जणांचं कुटुंब उतरलं होतं आणि त्यांच्याबरोबर कुत्रा होता.

सिस्टर खुर्चीच्या काठावर बसल्या. वॉर्डातल्या बायकांना कामं वाटून देताना त्यांनीही असंच केलं होतं. जी लवकर हात चालवते तिला आणखी एक कॉट.

“आता मी काय करू?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत कुणाला विचारला नव्हता.

“काही करू नका, मॅडम. खोली घाण करा. थोडी तरी.”

एवढं बोलून तिने टॉवेल बदलले, फोनचा आकडा दाबला आणि ट्रॉली ओढत निघून गेली. या वेळी तिला चार मिनिटं लागली होती.

नवरा ओल्या पायांनी परत आला तेव्हा सिस्टर कपडे बदलून तयार होत्या. त्या सुपरवायझरला भेटायला निघाल्या होत्या. नवरा म्हणाला, तिथे जाऊन भांडू नका, बोलणी तिलाच बसतील. हे सिस्टरनाही कळत होतं. चूक दुरुस्त करायची तर सगळी आपल्या अंगावर घ्यायला हवी होती. जिन्यात त्यांनी ठरवलं आणि खाली जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा, तोंड वर करून खोटं बोलल्या.

सुपरवायझर गोरागोमटा, विनम्र मुलगा होता. सिस्टरनी त्याला सांगितलं की त्यांना एक आजार आहे. सारखं साफ करावंसं वाटतं. डॉक्टरांचे उपाय चालू आहेत. खोली त्या स्वतःच आवरत होत्या, त्या बाईचा त्यात काही संबंध नाही, तेव्हा तिच्या वेळेचा हिशेब या खोलीवरून धरू नये. नवऱ्याने बाजूला उभं राहून मान खाली घातली. त्याला हसू आवरत नव्हतं, पण सुपरवायझरला ते दुःख वाटलं. त्याने सगळं वहीत लिहून घेतलं आणि काळजी करू नका, मी बघतो, असं म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर खोली घाण करायला बसल्या. हे त्यांना सोपं गेलं नाही. त्यांनी एक टॉवेल जमिनीवर टाकला आणि मग तो जरा सरळ केला. उशी तिरकी केली. चहाचा कप बशीत न ठेवता टेबलावर ठेवला, पण खाली कागद घातला. नवऱ्याने मात्र जबाबदारी मनापासून उचलली. त्याने बिस्किटं पलंगावर बसून खाल्ली, वाळू भरलेल्या चपला घालून दोन फेऱ्या मारल्या, आणि लग्नानंतर प्रथमच ओला टॉवेल गादीवर टाकला. सिस्टरनी तोंड फिरवलं.

दार वाजलं. दारात दुसरीच बाई होती. पोक्त, जाडजूड, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला मास्क. सुपरवायझरने पाठवलंय, ती म्हणाली. या खोलीत पेशंट आहेत म्हणून अनुभवी माणूस हवं. आधीच्या बाईला आता पूर्णवेळ चौथ्या मजल्यावर टाकलंय. मग तिने खोलीभर नजर फिरवली, चुरा पाहिला, वाळू पाहिली, आणि सिस्टरच्या खांद्यावर हळूच हात ठेवला.

“आज बऱ्या दिसताय तुम्ही,” ती म्हणाली. “औषध लागू पडलं म्हणायचं.”

तिने सगळी खोली घासूनपुसून काढली. सिस्टर तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दुपारी खालून फळांची टोपली आली, सोबत ‘लवकर बऱ्या व्हा’ असं लिहिलेलं कार्ड. नवऱ्याने त्यातलं सफरचंद घेतलं आणि म्हणाला की आपण आता घरी जायला हवं, नाहीतर उद्या हे लोक डॉक्टर पाठवतील.

पाचव्या दिवशी सकाळी सामान बांधून झालं. नवऱ्याने ती फिरती नोट काढून उघडपणे टेबलावर ठेवली. पोक्त बाईलाही काम पडलं होतं, तिचं तिला मिळायला हवं, असं म्हणाला. सिस्टरनी ती उचलली नाही. उलट खणातून पाकीट काढलं, आपल्या पर्समधून पैसे घेतले, किती ते नवऱ्याला दिसू दिलं नाही, आणि आलेच म्हणून बाहेर पडल्या. त्यांनी लिफ्ट घेतली नाही. नोकरमाणसांचा जिना शोधून काढला आणि चौथ्या मजल्यावर गेल्या.

ती बाई कॉरिडॉरच्या टोकाला गुडघे टेकून गालिच्यावरून कुत्र्याचे केस काढत होती. सिस्टरना बघून उठायला लागली. सिस्टर म्हणाल्या, बस, मीच खाली बसते, आणि त्या भिंतीला टेकून खरोखरच गालिच्यावर बसल्या. त्यांनी आधी माफी मागितली. आपण सुपरवायझरला काय सांगितलं तेही सांगितलं. ऐकून त्या बाईने डोळे मिटले आणि हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. वहीत तुमच्या नावापुढे काय लिहिलंय ते मला कालच कळलं, ती म्हणाली. सगळ्या जणी तुमच्याकरता हळहळतायत.

सिस्टरनी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. आपण जे इतकी वर्षं सांगत आलो तेच आता आपल्याला ऐकावं लागणार, असं त्यांना वाटलं.

“राग येतो का याचा?” त्यांनी विचारलं. “कुणी असे पैसे दिले की?”

“पाकिटाचा येतो,” ती म्हणाली. “हॉटेलचं पाकीट खालच्या पेटीत टाकावं लागतं. महिन्याने वाटणी होते. वाटायला सुपरवायझर बसतो.”

“मग हातात देऊ का?”

“हातात दिलेत तर गेटवर पर्स तपासतात. पैसे कुठून आले म्हणून विचारतील. चिठ्ठी लागते, मॅडम. पाहुण्याच्या सहीची.”

सिस्टरनी पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून पर्समध्ये ठेवलेल्या, फळांच्या टोपलीतल्या कार्डाची मागची बाजू घेतली. ती बाई सांगत गेली आणि सिस्टर लिहीत गेल्या. खोलीचा नंबर. रक्कम, आकड्यात आणि अक्षरात. पुढे काय लिहायचं ते सिस्टरना सुचेना. ‘बक्षीस’ लिहायला मन होईना, ‘मदत’ तर नाहीच. त्या बाईने जरा विचार केला.

“कामाचे, असं लिहा,” ती म्हणाली.

सिस्टरनी लिहिलं. सही केली, खाली तारीख घातली. त्या बाईने कार्ड हातात घेऊन नीट वाचलं आणि परत दिलं. तारीख कालची पडली होती. सुट्टीत तारखेचं भान राहत नाही, ती म्हणाली, सगळ्यांचंच होतं. सिस्टरनी तारीख खोडली, बरोबर घातली आणि खाडाखोडीपाशी पुन्हा सही केली. मग त्या बाईने पाकिटातले पैसे काढून घेतले, ते आणि कार्ड एकत्र घडी करून एप्रनच्या आतल्या खिशात ठेवले, सिस्टरना हाताला धरून उठवलं, आणि समोरचं दार वाजवून, आतून भुंकण्याचा आवाज आल्यावर जरा थांबून, ट्रॉली आत ढकलली.