माझी मागची चाकं आणि काकांचं पोट

या पृथ्वीचा सारा भार माझ्या चार चाकांवर आहे. निदान माझी, एका जुन्या, लहानखुऱ्या ट्रॅक्टरची, तरी तशी समजूत होती. मित्रांनो, प्रत्यक्ष भार उचलायची वेळ आली, तेव्हा त्यातली दोन चाकं जागेवर नव्हती.

जन्माचं फारसं आठवत नाही. ओल्या रंगाचा वास आणि बॉनेटवर पडलेली कुणाची तरी थाप, एवढंच. पुढे दोन-तीन मालक बदलून मी जुन्या यंत्रांच्या विक्रेत्याच्या आवारात येऊन पडलो. शेजारी एक धिप्पाड लाल ट्रॅक्टर होता. गिऱ्हाइकं माझ्या बॉनेटवर चहाचा कप ठेवत आणि त्याचा भाव विचारत.

एका सकाळी काका-काकू आले. शेत तुकडाभर, गायी मोजक्या. गवताचे गठ्ठे वाहून काकांची पाठ कामातून गेली होती.

"पावसाआधी गवत कोठीत गेलं नाही तर गायी विकाव्या लागतील," काकू फाटकातच हळू आवाजात बजावत होत्या. "तेव्हा रंग बघून भुलू नका."

काका सरळ लाल ट्रॅक्टरवर जाऊन बसले. "यावर बसलं की कसं भारदस्त वाटतं."

काकूंनी पिशवीतून दोरी काढली. कोठीच्या दाराच्या मापाने तिला गाठ मारून आणली होती. दोरी लाल ट्रॅक्टरला पुरली नाही.

"आत जाईल हा," काकू म्हणाल्या, "पण येताना कोठी अंगात घालून येईल. उतरा."

मला मात्र दोरी पुरून उरली.

"हे खेळणं?" काका म्हणाले.

तरी बसले. माझ्या पुढच्या लोखंडी हातांनी विक्रेत्याने चाचणीसाठी ठेवलेला गवताचा गोल गठ्ठा उचलला. उन्हात वाळलेल्या कुरणाचा वास नाकाशी आला, म्हणजे नाक असतं तिथे. जमीन लांब गेली, अंग पिसासारखं झालं. मी उडत होतो, मित्रांनो. खरं तर उडत होतं ते माझं मागचं निम्मं अंग.

"सावकाश खाली ठेवा," काकू म्हणाल्या.

काकांनी गठ्ठा ठेवला, उतरले, घाम पुसला. "नको. याला तोलच नाही."

"मागे वजन बांधलं की येतो तोल," विक्रेता म्हणाला.

काका फाटकाकडे चालू लागले होते. काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"पोट पुढे आलं तसे तुम्हीही मागे रेलून चालता. म्हणून तुम्हाला बदलून आणलं का मी?"

काका थांबले. सरळ उभं राहून पाहिलं. जमलं नाही.

"घेऊ या," ते म्हणाले.

घरी माझ्या मागे काँक्रीटचा ठोकळा बसला. काकू त्याला 'धाकटे काका' म्हणत. आभाळ भरून आलं तेव्हा शेवटचा गठ्ठा कोठीत होता आणि गायी आपल्या जागी रवंथ करत होत्या. अशी कितीतरी वर्षं गेली.

आता गवत नवा ट्रॅक्टर आणतो. त्यालाही दोरीने मापूनच आणलं. मी कोठीच्या कोपऱ्यात असतो. फटीतून उजेड येतो, त्यात गवताची धूळ तरंगते आणि मी पुन्हा जरासा उडतो. मित्रांनो, खुशाल उडा. फक्त मागे कुणीतरी वजनदार असू द्या.

सध्या धाकट्या काकांवर एक कोंबडी बसते. तिला हुसकू नका. वजन फार नाही तिचं, पण सवय झाली आहे.