होयबाचा दुभाष्या

"आग लागली तेव्हा दिव्यापाशी कोण होतं, विचार त्याला," प्राचार्य मॅडम म्हणाल्या.

बारक्या होयबाकडे वळला. होयबा बँडेज केलेला हात मांडीवर ठेवून खुर्चीच्या टोकावर बसला होता, परक्याच्या घरी पाहुणा बसतो तसा. बारक्याने बघितल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला. आला आपला माणूस, आता काळजी नाही.

हा होयबा म्हणजे बारक्याचा दोस्त आणि रूममेट. त्याचं खरं नाव घेताना जिभेला गाठ पडायची, म्हणून बारक्याने पहिल्याच आठवड्यात हे ठेवलं. कारण गडी कशालाही मान डोलवायचा. चहा घेणार? हो. खिडकी लावू? हो. तू गाढव आहेस का? हो. हे शेवटचं बारक्याने वर्गातल्या पोरांसमोर विचारलं होतं. सगळे पोट धरून हसले. होयबाही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त.

दोघं दोन देशांतून या तिसऱ्याच देशात कवळ्या बनवायचं शिकायला आले होते. बारक्या निघाला तेव्हा आत्या म्हणाली होती, "एवढं विमानात बसून जाणार, नि काय तर म्हाताऱ्यांचे दात करणार?"

"पहिली कवळी तुलाच, आत्या."

"मेल्या, माझे अजून सगळे शाबूत आहेत! चावून दाखवू?"

इथली भाषा बारक्याला बऱ्यापैकी यायची. होयबाला ठणठणाट. तो कुठल्याशा डोंगराकडचा, त्याची बोली मोबाइललासुद्धा कळायची नाही. तो मोबाइलसमोर पोटतिडकीने काहीतरी बोलायचा आणि स्क्रीनवर उमटायचं, 'गायीचा बूट उद्या'. मग दोघंही हसत गादीवर लोळायचे.

पण हात काय होते त्याचे! मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायला बसला की वाटायचं दाढ आत होतीच, हा फक्त वरचं काढतोय. बारक्याची दाढ बटाट्यासारखी व्हायची. होयबा ती हळूच ओढून घ्यायचा, चार ठिकाणी खरवडून परत सरकवायचा. त्या बदल्यात बारक्या त्याच्यासाठी दुकानात बोलायचा, दवाखान्यात बोलायचा, घरमालकाशी भांडायचा. हात होयबाचे, जीभ बारक्याची. संसार मजेत चालला होता.

आणि नुसता व्यवहारच होता असंही नाही. बारक्या तापाने फणफणला तेव्हा होयबा उशाशी बसून ओल्या फडक्याच्या पट्ट्या बदलत होता. एकदा त्याने आईचा फोटो दाखवला. बाई हसत होती, तोंडात एक दात नाही. होयबाने फोटोकडे बोट केलं, मग मेणाकडे, मग स्वतःच्या छातीवर थाप मारली. याला भाषा कशाला लागते?

तर ती आग.

दुपारची सुट्टी होती. प्रयोगशाळेत दोघंच. बारक्या स्पिरिटच्या दिव्यावर मेण मऊ करत होता, होयबा नळाखाली प्लास्टरची भांडी घासत होता. तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. आईने अख्खी गल्ली गोळा केली होती. "दाखव रे तुझं कॉलेज! ए, सरका, ह्यांना दिसू दे." बारक्या ऐटीत व्हरांड्यात गेला. दिवा तसाच. जवळ फडकं.

तो परत येईपर्यंत दोन टेबलं कोळसा झाली होती, पेशंटच्या जबड्यांचे साचे तडकले होते. लोक धावत आले तेव्हा आत एकटा होयबा. त्याने हातानेच आग बडवून विझवली होती.

पेटता दिवा सोडून जाणारा सरळ घरी जाणार, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगितलेलं.

आणि घरी जाणं म्हणजे काय, ते बारक्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ असाच शिकायला बाहेर गेला होता आणि नापास होऊन परत आला. तेव्हापासून घरात त्याचं नाव पार्सल. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचे. कुठे काही बोलायला गेला की वडील म्हणायचे, "तू राहू दे." पार्सल हे नाव बारक्यानेच ठेवलं होतं. हिट झालं होतं ते.

"विचारतोयस ना?" मॅडम म्हणाल्या.

बारक्याने हातांनी विचारलं. आग, कशी?

होयबा सरसावून बसला. चांगल्या हाताने दिवा काढला, फडकं काढलं, भप्पकन पेटलं ते गाल फुगवून दाखवलं. मग धप धप धप, हवेत हात आपटले. सगळं दाखवलं. फक्त बारक्याकडे बोट केलं नाही. मित्राला झाकत होता, की तुझं तू सांगशील म्हणून सोडून देत होता, कळायला मार्ग नव्हता.

"काय म्हणतोय?"

बारक्या मॅडमकडे वळला. भाषा आली. व्याकरणासकट आली.

"म्हणतोय, दिव्यापाशी तोच होता."

"आणि तू?"

"मी बाहेर फोनवर होतो, मॅडम."

"परत एकदा विचार. त्याच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

बारक्याने होयबाच्या डोळ्यांत बघितलं. तू, असं बोट केलं. मग बँडेजवर हात ठेवला. मग आग बडवल्यासारखं केलं. तू?

होयबाने मान डोलवली. जोरात. छाती जराशी पुढे काढून.

"कबूल आहे म्हणतोय," बारक्या म्हणाला.

दाराशी उभा असलेला कारकून चुळबुळला. "मॅडम, त्या भाषेचा दुभाष्या शोधू का? थोडे दिवस लागतील, पण..."

मॅडमनी बारक्याकडे पाहिलं. "तुम्ही मित्र ना?"

"एका खोलीत राहतो, मॅडम. मला त्याचं सगळं कळतं."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

निकाल होयबाला सांगायचं कामही बारक्याकडेच आलं. खोलीत त्याने होयबाकडे बोट केलं आणि हाताचं विमान उडवलं. होयबाला वाटलं सुट्टी मिळाली. त्याने टाळ्या वाजवल्या. बारक्याने पुन्हा विमान उडवलं, मग कॉलेजच्या दिशेने हातांची फुली केली. होयबाच्या टाळ्या थांबल्या. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्याने बारक्याच्या छातीवर बोट टेकवलं. आणि तू?

बारक्याने जमिनीकडे बोट केलं. मी इथेच.

होयबाने हुश्श केलं. खरंच केलं. उठून बारक्याची पाठ थोपटली. मॅडमसमोर एवढं बोललास माझ्यासाठी, असाच काहीतरी भाव होता तोंडावर.

संध्याकाळी आईचा फोन. "तुझा तो मित्र दिसत नाही?"

"घरी चाललाय. त्याच्या हातून आग लागली. सामान आणायला गेलाय."

"अगं बाई! कसली पोरं असतात एकेक. तू जपून राहा हो."

मागून थोरल्याचा आवाज आला. तो कधी मध्ये बोलायचा नाही. "त्याला सांग, पहिले आठ दिवस बरे जातात. सगळे विचारपूस करतात."

"तू राहू दे," बारक्या म्हणाला.

निघायच्या दिवशी बॅगेचा एक बंद बारक्याने धरला, एक होयबाने. बस उभीच होती. होयबा खिडकीशी बसला. काच बंद होती, ती त्याने जोर लावून बोटभर उघडली आणि फटीला तोंड लावून बोलायला लागला. हातवारे नाहीत, खाणाखुणा नाहीत. आपल्या बोलीत, भडाभडा, कधी नव्हे इतकं. मध्येच हसला. मग पुन्हा तेच एक वाक्य, दोनदा, तीनदा, बारक्याला समजेल या भरवशावर. बस हलली तरी बोलतच होता.

थांब्यावरची एक बाई हातातली पिशवी खाली ठेवून बघत राहिली. "काय म्हणत होता हो तो पोरगा?"

"मला त्याची भाषा येत नाही," बारक्या म्हणाला.