मागची खोली

त्या पौषात निफाडला पारा असा उतरला की घरांतल्या खोल्या खोबरेल तेलासारख्या थिजल्या. स्वयंपाकघरं तेवढी चुलीच्या धगीनं पातळ राहिली. गावाला त्याचं फार नवल वाटलं नाही. लोक पहाटेपासून द्राक्षबागांत शेकोट्या पेटवण्यात गुंतले होते, खोल्यांकडे बघतो कोण?

वत्सलाबाई बोरस्त्यांच्या मात्र ते पथ्यावरच पडलं. मुलानं नाशकात फ्लॅट घेतला होता आणि जुनं घर सोडताना त्यांना एकच गोष्ट न्यायची होती, मागची खोली. तिच्यातलं सामान नव्हे, खोलीच. त्यांचे यजमान दगूनाना दिवाळीत गेले. पुढे खोली थिजली तेव्हा नाना रोज खिडकीशी जिथे बसत, तिथे त्यांच्या आकाराची पोकळी राहिली. पाठीचा बाक, मफलरची गाठ, सगळं जसंच्या तसं. आणि उजवा हात पुढे केलेला.

त्या हाताचं त्यांना कोडं पडलं होतं. उभ्या जन्मात या माणसानं कुणापुढे हात पसरला नाही. मग हा कशासाठी?

टेंपोवाल्या साबळेनं चौकटीला गरम पाण्याचा बोळा फिरवला, तशी खोली अलगद सुटली. चौघांनी ती उचलून टेंपोत ठेवली आणि ओल्या गोणपाटानं झाकली.

"मावशी, ऊन चढायच्या आत पोचू," साबळे म्हणाला. "परवा एकांची खोली नेली. पोचेपर्यंत नुसता ओघळ राहिला."

"मग बोलत काय बसलास? चल की."

वत्सलाबाई मागेच बसल्या, खोलीला टेकून. ऊन पाठलागाला होतंच. ओझरच्या पुढे गोणपाट जरा सरकलं, किरण आत शिरले, आणि नानांच्या हातासमोर त्यांना दुसरी पोकळी दिसली. बाईची होती. ही कोण सटवी? पासष्टीला मत्सर शोभत नाही, पण तो काय वय विचारून येतो? त्यांनी नाक लावून नीट पाहिलं. पदर कमरेला खोचलेला होता आणि डावा खांदा थोडा उतरलेला.

डावा खांदा त्यांचाच उतरलेला होता, विहिरीवर पडल्या तेव्हापासून.

पण तिथे त्या कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. नाना रोज संध्याकाळी हाक मारत, "बस गं जरा." त्या स्वयंपाकघरातून ओरडत, "आले, आले." एकेचाळीस वर्षं हेच चाललं. भाकरी व्हायच्या, भांडी व्हायची, नाना जेवून झोपायचे. आता त्यांना त्याचं फार वाईट वाटलं.

नव्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत मागची खोली चपखल बसली. भिंतींना ती चिकटली, छताला टेकली. दाराशी फक्त वीतभर जागा उरली, तिथे वत्सलाबाई अंग चोरून उभ्या राहिल्या. सून अर्चना ओट्यावर दुधाचं पातेलं मांडत होती.

"गॅस पेटवू नकोस गं."

"अहो आई, मुहूर्त टळेल. दूध उतू गेल्याशिवाय घर आपलं होतं का?"

ते खरंच होतं. स्वतःच्या सुनेला हे त्यांनीच शिकवलं होतं.

गॅस पेटला. ऊब दारातून आत आली आणि दाराकडची बाजू वितळू लागली. आधी बोटभर, मग हातभर. एक माणूस जाईल एवढीच वाट झाली आणि ती नेमकी त्या दुसऱ्या पोकळीपाशी थांबली. नानांची मफलर अजून शाबूत होती. वत्सलाबाईंनी पदर खोचला आणि आत पाऊल टाकलं.

पोकळी त्यांना बरोबर बसली. त्यांनी हात पुढे केला, तो नानांच्या तळव्याच्या जागेत गेला, आणि तिथे गारठा नव्हता. मागची वाट हळूच पुन्हा थिजली.

"आई, या लवकर! वर आलं दूध! तुमच्याच हातानं गॅस बंद करायचा ना?"

"आले, आले," वत्सलाबाई म्हणाल्या.

ते शब्द ओठांपुढे चार बोटांवर जाऊन पांढरे झाले आणि तिथेच राहिले. त्या शब्दांपलीकडे, धूसर, पातेल्याच्या काठावर साय फुगत होती.