धुलाईकाकूंची खासगी कोंबडी

त्या गावात सगळंच सगळ्यांचं. शेत एक, चूल एक, कपड्यांचं कपाटही एक. आज अध्यक्षांनी घातलेली विजार परवा गवंड्याच्या अंगावर दिसायची. चाळीस वर्षांपूर्वी अकरा जणांनी माळ खणून हे गाव वसवलं, त्यातल्याच एक धुलाईकाकू. तेव्हापासून गावाची धुणी त्यांच्या हातची. त्यामुळे कोणाच्या खिशात काय, हे त्याच्या बायकोच्या आधी काकूंना कळायचं.

तर या काकूंच्या पलंगाखाली कोंबडी सापडली. तीही खासगी! अंडी द्यायची थांबली की कोंबडी गावाच्या पातेल्यात, असा नियम. हिची पाळी आली तशी काकूंनी तिला मळक्या चादरींच्या टोपलीत घालून घरी आणलं. दोन महिने सुखात गेले. मग एका दुपारी बयेनं गळा काढला, आणि शेजारच्या सुतारानं ऐकलं. झालं!

सभा भरली. अध्यक्ष म्हणाले, "काकू, नियम म्हणजे नियम. आज कोंबडी, उद्या गाय."

"माझेही गुडघे गेलेत. पुढच्या महिन्यात धुलाई सुटणार. मग मलाही घाला पातेल्यात!" बोलता बोलता काकूंना रडू फुटलं.

सगळे ओशाळले. अध्यक्षांनी घाईघाईनं जप्तीचा ठराव मंजूर केला. "आणायला कोण जातंय?"

इथंच घोडं अडलं. काकूंच्या यजमानांनी, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, पहिल्याच वर्षी गावाच्या नियमांत लिहून ठेवलं होतं: ज्याच्याकडे स्वतःचं असं काहीच नाही, त्यानंच दुसऱ्याचं उचलून आणावं.

कोणी उठेना. सुतार छत न्याहाळू लागला. आचारीणबाई नखं बघू लागल्या. शेवटी अध्यक्षच उठले.

"बसा खाली," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "दर सोमवारी तुमच्या उशीच्या खोळीला मध लागलेला असतो. गावाचा मध तर कोठारात असतो ना?"

अध्यक्ष मुकाट्यानं बसले. नवा ठराव झाला: कोंबडी गावाची, पण राहणार काकूंकडे, आणि दोघींनाही काम माफ.

तिसऱ्या दिवशी त्या कोंबडीनं चक्क अंडं घातलं. काकूंनी दाराबाहेर डोकावून पाहिलं, धुलाईच्या हंड्यातल्या कढत पाण्यात कोणी चादरी टाकायच्या आत ते उकडून घेतलं आणि मीठ लावून एकट्यांनीच खाल्लं. यजमान असते तर नियमाप्रमाणे अर्धं मागितलं असतं. काकूंनी ते दिलंही असतं.